क्यूटीमध्ये रकमेचा रकाना कसा घडवावा

हिशेबाच्या कोणत्याही डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये दिवसभरात सर्वांत जास्त वेळा हाताखालून जाणारा घटक म्हणजे रक्कम भरण्याचा रकाना. तो दिसायला साधा असतो, म्हणून बहुतेक वेळा तयार रकाना उचलून तसाच खिडकीत ठेवला जातो आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम, देवनागरी अंक, पैसे, एंटरची सवय या सगळ्या गोष्टी नंतर तक्रारींच्या रूपाने समोर येतात. १९९५ पासून उपलब्ध असलेल्या क्यूटी (Qt) या, सॉफ्टवेअरच्या खिडक्या आणि बटणे घडवण्याच्या चौकटीत हा घटक मुळापासून नीट कसा घडवावा, ते येथे क्रमाने मांडले आहे. विवेचन सी++ आणि क्यूटी ६ धरून केले असले, तरी पायसाइडमध्ये, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरून, काम करणाऱ्यांनाही वर्गांची (क्लास) आणि फलनांची (फंक्शन) नावे तीच आढळतील.

पहिला निर्णय पायाभूत वर्गाचा. क्यूविजेट या कोऱ्या मूळ वर्गावर सगळे स्वतः रेखाटणे शक्य असते, पण तसे केल्यास कर्सर, निवड, कॉपी-पेस्ट, मराठी कीबोर्डकडून येणारा मजकूर आणि स्क्रीन रीडरला लागणारी माहिती हे सारे पुन्हा लिहावे लागते. दुसरा पर्याय स्पिनबॉक्सचा, म्हणजे लहान बाणांनी आकडा कमी-जास्त करता येणाऱ्या तयार रकान्याचा. एका पतसंस्थेच्या कामात मी तोच निवडला होता. एका संध्याकाळी जमेच्या बाजूला तीन रुपयांचा फरक आला आणि तो शोधताना आढळले, की नोंद करणाऱ्या ताईंनी यादी खाली सरकवण्यासाठी माउसचे चाक फिरवले, तेव्हा बाण नेमका रकमेवर होता. यादी जागची हलली नाही, मात्र १२,५०० चे १२,४९७ झाले. स्पिनबॉक्स चाक फिरताच फोकस (कळफलकाचा ताबा) घेतो आणि किंमतही बदलतो. जिथे आकडा एक-एकने कमी-जास्त करायचा असतो तिथे ही सोय आहे, पैशांच्या नोंदीत मात्र ती धोक्याची आहे. म्हणून पाया क्यूलाइनएडिटचा, म्हणजे एका ओळीच्या साध्या मजकूर-रकान्याचा, घ्यावा. तो चाकाला प्रतिसाद देत नाही आणि वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्यात आधीच असतात.

त्यानंतर रक्कम साठवायची कशी, हे ठरवावे. दशांश अपूर्णांक डबल या संख्याप्रकारात ठेवू नयेत, कारण त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी आणि तो पूर्णांक ६४ बिटांचा असावा. ३२ बिटांच्या इंटमध्ये पैशांत मोजलेली रक्कम २,१४,७४,८३६.४७ रुपयांपाशीच संपते आणि मध्यम आकाराच्या व्यापाऱ्याची वार्षिक उलाढालही त्यात मावत नाही. रकान्यात दिसणारा मजकूर हे या पूर्णांकाचे केवळ एक रूप आहे, ही भूमिका शेवटपर्यंत सोडू नये. रक्कम बदलणाऱ्या फलनात आधी नवी किंमत जुन्या किमतीइतकीच आहे का ते तपासावे आणि खरोखर बदल झाला असेल तरच सिग्नल (इतर घटकांना बदल कळवणारी क्यूटीची सूचना) पाठवावा; अन्यथा रक्कम आणि कर असे दोन रकाने एकमेकांना जोडले, की ते एकमेकांना सतत हलवत राहतात.

आता टंकलेल्या मजकुराची तपासणी. क्यूव्हॅलिडेटर या मजकूर तपासणाऱ्या वर्गाचे व्हॅलिडेट हे फलन तीनपैकी एक निर्णय देते: अमान्य, अपूर्ण किंवा मान्य. नवखे लेखक मधला निर्णय विसरतात. ‘१२५.’ एवढे टंकून माणूस क्षणभर थांबलेला असतो. हा मजकूर अमान्य ठरवला तर दशांश चिन्ह उमटतच नाही आणि मान्य ठरवला तर अर्धवट रक्कम पुढे जाते, म्हणून तो अपूर्णच ठरवला पाहिजे. रिकाम्या रकान्यालाही हेच लागू. व्हॅलिडेटर लावलेला असताना मजकूर मान्य नसेल, तर एडिटिंगफिनिश्ड हा, भरणे संपल्याचा, सिग्नल मिळत नाही, हे लक्षात ठेवून फिक्सअप हे, अपूर्ण मजकूर दुरुस्त करणारे, फलनही लिहावे आणि त्यात ‘१२५.’ चे ‘१२५.००’ करून द्यावे.

अंक ओळखताना अक्षराची तुलना शून्य ते नऊ या रोमन अंकांशी करू नये. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहेत, पण क्यूकॅर या एका अक्षराच्या वर्गाचे डिजिटव्हॅल्यू हे फलन ५ कोणत्याही लिपीतला असला तरी पाचच सांगते. एवढ्या एका बदलाने दोन्ही अंकपद्धती चालू लागतात. चिकटवलेल्या मजकुराचाही विचार येथेच करावा. लोक संदेशातून ‘₹ १,२५,०००/-’ असे उचलून आणतात. व्हॅलिडेटला मजकूर संदर्भाने (प्रत नव्हे, मूळ मजकूरच) मिळत असल्याने रुपयाचे चिन्ह, मोकळी जागा आणि शेवटची तिरकी रेघ तिथेच काढून टाकता येते. पायसाइडमध्ये हेच काम दुरुस्त मजकूर निर्णयासोबत परत देऊन होते.

सर्वांत जास्त विचार स्वल्पविरामांचा करावा लागतो. आपली पद्धत सांगायला सोपी आहे: उजवीकडून पहिले तीन अंक, मग दोन-दोनचे गट, म्हणजे १२५००००० चे १,२५,००,०००. हे फलन दहा ओळींत होते आणि ते स्वतः लिहावे, कारण संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर विसंबल्यास एका यंत्रावर लाख दिसतात आणि दुसऱ्यावर मिलियन. खरी अडचण, हे स्वल्पविराम घालायचे केव्हा, ही आहे. प्रत्येक कळ दाबल्यावर घालायचे ठरवले, तर दर वेळी रकान्यातला मजकूर नव्याने लिहिणारे सेटटेक्स्ट हे फलन बोलवावे लागते आणि क्यूलाइनएडिटमध्ये सेटटेक्स्ट झाले, की कर्सर शेवटी जातो, निवड नाहीशी होते आणि कंट्रोल-झेडचा इतिहासही पुसला जातो. कर्सर त्याच्या उजवीकडचे अंक मोजून पुन्हा जागेवर आणता येतो; पुसलेला इतिहास मात्र परत येत नाही. चुकून खोडलेली रक्कम परत आणता न येणे ही मला न पटणारी किंमत आहे.

म्हणून मी टंकताना रकान्यात नुसते अंक राहू देतो. फोकस गेल्यावर, म्हणजे फोकसआउटइव्हेंटमध्ये, आधी मूळ वर्गाचे फलन बोलवावे आणि मग स्वल्पविराम घातलेला मजकूर लिहावा. फोकस आल्यावर क्रम उलटा, आधी स्वल्पविराम काढावेत आणि मग मूळ फलन बोलवावे, म्हणजे टॅबने आल्यावर सगळा मजकूर निवडला जाण्याची नेहमीची वागणूक टिकून राहते. टंकलेल्या मजकुरावरून रक्कम काढण्यासाठी, मजकुराच्या कोणत्याही बदलाला येणाऱ्या टेक्स्टचेंज्डऐवजी टेक्स्टएडिटेड हा सिग्नल जोडावा, कारण तो माणसाने केलेल्या बदलालाच येतो, सेटटेक्स्टला येत नाही.

टंकताना शून्ये मोजावी लागू नयेत, म्हणून रकान्याखाली लहान अक्षरांत ‘एक कोटी पंचवीस लाख’ असे शब्दांतले रूप दाखवावे. त्यासाठी शंभराच्या आतील शब्दांचा पूर्ण तक्ता लागतो. एकोणचाळीस, अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट हे शब्द दशक आणि एकक जोडून नियमाने तयार होत नाहीत. तक्ता एकदाच लिहावा लागतो आणि तो एखाद्या जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा.

आकार पिक्सेलमध्ये ठरवू नये. साइजहिंटमध्ये, म्हणजे घटकाला हवा असलेला आकार सांगणाऱ्या फलनात, उंची मूळ वर्गाची घ्यावी आणि रुंदी मोजून काढावी: फॉन्टमेट्रिक्सच्या हॉरिझॉन्टलॲडव्हान्स या फलनाने दहाही अंकांची रुंदी मोजावी, त्यातील सर्वांत रुंद अंकाने ‘९९,९९,९९,९९९.९९’ या साच्याच्या जागा भराव्यात आणि तेवढी जागा मागावी. उंची २२ पिक्सेलवर पक्की केलेले रकाने मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. रोमन अक्षरे त्यात मावतात, पण देवनागरीत शिरोरेषेवरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. मजकूर उजवीकडे लावावा, म्हणजे एकाखाली एक रकमा आल्यावर एकक एककाखाली येतो.

कळफलकाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. टॅलीवर काम केलेल्या माणसाचा हात एंटर दाबून पुढच्या रकान्यात जातो, तर क्यूटीच्या डायलॉगमध्ये एंटर थेट मुख्य बटण दाबतो आणि अर्धी नोंद जतन होते. कीप्रेसइव्हेंटमध्ये एंटर पकडून, ती कळ स्वीकारून, फोकस पुढच्या रकान्यात नेणारे फोकसनेक्स्टचाइल्ड बोलवावे. हे करताना की_रिटर्न आणि की_एंटर या दोन्ही कळा तपासाव्यात. क्यूटीच्या दृष्टीने अंकपट्टीवरचा एंटर ही वेगळी कळ आहे आणि रकमा भरणारा हात बहुधा अंकपट्टीवरच असतो.

चूक दाखवण्यासाठी एडिटिंगफिनिश्डमधून संदेशाची चौकट उघडू नये. चौकट उघडताच फोकस पुन्हा हलतो आणि तोच सिग्नल दोनदा येऊ शकतो. रकान्याखालच्या शब्दरूपाच्या जागीच कारण लिहावे. केवळ लाल कडेवर विसंबू नये, कारण लाल-हिरवा भेद न दिसणारे लोकही हिशेब लिहितात. रंग पॅलेटमधूनच (क्यूटीच्या चालू थीमच्या रंगसंचातूनच) घ्यावेत, म्हणजे गडद थीममध्ये मजकूर हरवत नाही. लेबलाला सेटबडीने रकाना जोडावा आणि कारणाचा मजकूर ॲक्सेसिबलडिस्क्रिप्शनमध्येही, म्हणजे स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात, ठेवावा. त्यानंतर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून, एक पूर्ण नोंद स्वतः भरून पाहावी.

चाचण्यांमध्ये क्यूटेस्ट या क्यूटीच्या चाचणी-साधनाने कळा दाबाव्यात आणि क्यूसिग्नलस्पायने सिग्नल किती वेळा आला ते मोजावे. किमान पुढील प्रसंग तपासावेत: देवनागरी आणि रोमन अंकांची सरमिसळ, दोन दशांश चिन्हे, रिकामा रकाना, नऊ अंकी रक्कम आणि कंट्रोल-झेड. हे पार पडले, की क्यूटी डिझायनर या खिडक्या मांडण्याच्या साधनात साधा लाइनएडिट ठेवून त्याला ‘प्रमोट’ करावे, म्हणजे त्याच्या जागी आपला वर्ग लावावा, आणि आपल्या वर्गाचे व हेडर फाइलचे नाव द्यावे. जुन्या खिडक्यांमधले रकाने अशा रीतीने मांडणी न मोडता एकेक करून बदलता येतात.