एकच टॅब, दोन मुलं, दोन रंग

ऑटिझम असलेल्या मुलाच्या हातात टॅब दिला की बऱ्याचदा तो एकटाच त्यात रमतो आणि शेजारी भाऊ बसलाय की मित्र, काही फरक पडत नाही. म्हणून एकाच टॅबवर दोघांनी मिळून, पाळीपाळीने एक चित्र काढायचं. आम्ही सांगलीत घरी हे करतो, भाच्यासाठी खूप उपयोगी पडलंय.

१. टॅब एकच ठेवायचा, दोघांच्या मधे, टेबलावर सपाट. कोणी हातात घ्यायचा नाही.

२. चित्र काढायचं कुठलंही साधं ॲप उघडा आणि ते पिन करा (आयपॅडवर गायडेड ॲक्सेस), म्हणजे मधेच यूट्यूबवर उडी जात नाही. आवाज बंद.

३. रंग वाटून द्या. एकाकडे निळा, दुसऱ्याकडे तपकिरी, आणि चित्र असं निवडा की एकट्याला पूर्ण होणारच नाही. आमच्याकडे इथला आयर्विन पूल ठरलेला, कमानी एकाच्या, कृष्णेचं पाणी दुसऱ्याचं. मग "आता तू पाणी काढ" हे म्हणावंच लागतं, आपण मधे पडून शिकवायची गरजच राहत नाही. बोलत नसेल तर रंगाचं कार्ड पुढे केलं तरी ते मागणंच आहे, तेवढ्यावर लगेच पाळी द्या, तोंडाने म्हण म्हणून अडवून धरू नका.

४. पाळीसाठी टायमर स्क्रीनवर दिसणारा लावा, मिनिटभराचा. "बास आता" हे आपण सांगण्यापेक्षा टायमरचं पोरं निमूट ऐकतात.

सुरुवात ओळखीच्या, शांत स्वभावाच्या एकाच मुलासोबत करा, चार पोरं गोळा करू नका.

आणि एक, "डोळ्यात बघून बोल" असा आग्रह अजिबात नको. कान झाकले किंवा उठून गेला तर तिथेच थांबायचं, चित्र सेव्ह करून उद्या.