78 वर लावू नका! ऑपेराच्या जुन्या तबकड्या डिजिटल करताना या चुका टाळा

1925 च्या आधीची, म्हणजे मायक्रोफोन येण्यापूर्वी कर्ण्यात गाऊन भरलेली ऑपेराची तबकडी हाती आली की नवे संग्राहक तीन गोष्टी करतात. खसाखसा पुसतात, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगावर लावतात आणि सॉफ्टवेअरला खरखर काढायला सांगतात. संध्याकाळपर्यंत फाइल तयार! ती ऐकणाऱ्याला वाटतं, त्या काळचे गायक असेच किनरे गायचे. एवढ्या मोठ्या गायकांवर हा अन्याय आहे.

सगळ्यात मोठी चूक वेगाची. 78 हा आकडा नंतर रुळला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने एप्रिल 1902 मध्ये मिलानच्या हॉटेलात इटालियन ऑपेरागायक कारुसोची दहा गाणी भरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जानचा आवाज भरला. त्या काळात सगळ्यांना बांधून ठेवणारा वेग नव्हताच. काही तबकड्या सत्तरीच्या सुरुवातीला बसतात, कोलंबिया कंपनीच्या बऱ्याचशा 80 ला, पाथे कंपनीच्या 90 च्या आसपास. साधारण साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की अर्धा सूर बदलतो. पांढरी पाचचा गायक थेट काळी चारला जाऊन बसतो. शिवाय लय पळते, स्वरोच्चार चिमटल्यासारखे होतात.

यावर घाईचा उपाय म्हणजे स्वरलिपी उघडायची आणि तिथल्या पट्टीला तबकडी जुळवायची. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलाने तेच केलं. तबकडी ‘दि क्वेल्ला पिरा’ची, म्हणजे वर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’ ऑपेरातल्या गाण्याची, साथीला फक्त पियानो. वर्दीने ती सी मेजरमध्ये लिहिली, म्हणून त्याने वेग चढवत चढवत 83 वर नेला. आकडा अचूक जुळला, पण आवाज बकरीसारखा थरथरत होता. मी विचारलं, त्याच दिवसाची दुसरी बाजू आहे का? होती, लागूनच्या मॅट्रिक्स नंबरची (लेबलाजवळ कोरलेला ध्वनिमुद्रणाचा क्रमांक). तिच्यातलं गाणं मधल्या सप्तकातलं, पट्टी उतरवायचं काही कारणच नाही असं. ती 74 ला चपखल बसली. मग पहिलीही 74 ला लावली. गायकाने एक पूर्ण सूर खाली, बी फ्लॅटमध्ये गायलं होतं! या गाण्यात वरच्या सी साठी पट्टी उतरवणारे टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष गायक, कितीतरी आहेत. 74 ला कंप शांत झाला, पियानो पियानोसारखा वाजू लागला आणि माणूस छातीतून गाताना ऐकू आला.

म्हणून मी स्वरलिपी शेवटी उघडतो. आधी शेजारचे मॅट्रिक्स नंबर, मग गायकाचा कंप आणि स्वरोच्चार, मग हार्मोनियम. ट्यूनर 440 वर (‘ए’ सुराची आजची कंपनसंख्या) ठेवून काटेकोरपणा मिरवू नका. फ्रान्सने 1859 मध्ये 435 ठरवला होता आणि तो बाहेरही बराच चालला. वेग बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे तपासा. कधीकधी तो मध्येच सरकलेला असतो.

दुसरी चूक स्पिरिटने पुसण्याची. तबकडी लाखेची आहे. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो, तेच तुमच्या तबकडीचं होतं: चकाकी जाते, चर बुजतात आणि ते नुकसान भरून येत नाही. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश चरांच्या दिशेने, लेबल कोरडं, लगेच टिपून उभी वाळवायची. मेणाचे सिलिंडर आणि एडिसनच्या डायमंड डिस्कला मात्र पाणीही लावू नका.

एलपीची सुई वापरू नका. ती 18 मायक्रॉनची, इथे 70 च्या आसपासची लागते. मी दोन-तीन मापं ठेवतो, कारण प्रत्येक तबकडी वेगळ्या खोलीवर झिजलेली असते.

प्रीअॅम्पचं आरआयएए वळण, म्हणजे एलपीसाठी ठरवलेली खर्ज-तार सुरांची भरपाई, बंद ठेवा. ते या तबकड्यांसाठी नाहीच.

दुर्मिळ तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने ‘एकदाच’ वाजवायचा मोहही नको.

पाथेच्या तबकडीत आवाज आडवा नाही, खोल-उथळ कोरलेला असतो. मोनो बटण दाबलंत की गाणं गायब आणि खरखर तेवढी शिल्लक! कार्ट्रिज स्टिरिओच घ्या, दोन्ही चॅनेल वेगवेगळे भरा. साध्या तबकडीतही चराची एक भिंत दुसरीपेक्षा बरी निघते.

आता खरखर. ती पूर्ण काढायचा हट्ट म्हणजे मला सर्वांत न पटणारी गोष्ट. तिच्याबरोबर व्यंजनं जातात, पियानोची आस जाते, श्वास जातो. उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. मी टकटक हाताने, एकेक करून काढतो आणि बाकीची खरखर राहू देतो. कान दोन मिनिटांत तिला सरावतो. काहीही करण्याआधी 24 बिट, 96 किलोहर्ट्झची कच्ची फाइल वेगळी ठेवा आणि तिच्या नावातच मॅट्रिक्स नंबर, वेग, सुईचं माप लिहा. उद्या लागूनच्या नंबरची बाजू सापडली आणि वेग बदलावा लागला, तर तीच फाइल लागेल.