तिवईवरची चांदीची किटली: आधी उलटी करा, मग घासा

मी मालवणात सोनारकाम करतो. गणपती जवळ आले की कुणीतरी जुन्या घाटाची, तिवईवर बसणारी नि खाली स्पिरिटचा दिवा असलेली किटली पिशवीतून काढतं आणि म्हणतं, "भाऊनू, काळी पडली हा, काय तरी करा." कोळंबच्या खाडीकडच्या घरांतली चांदी तर फारच लवकर काळवंडते. ओहोटीला चिखलाचा जो वास येतो तो गंधकाच्या वायूचा, आणि चांदीवरची काळी पुटं म्हणजे गंधकाशी झालेला तिचाच संयोग. खाऱ्या दमट हवेत ते काम आणखी भरभर होतं.

घासायला घेण्याआधी किटली उलटी करा आणि भिंगातून शिक्के बघा. चालणाऱ्या सिंहाचा शिक्का असेल तर इंग्लंडची ९२५ची चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमला झालेली. ई.पी.एन.एस. अशी अक्षरं दिसली तर ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त नि निकेल यांचं मिश्रण, त्यात चांदी नसते; वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. हल्ली 'अँटिक' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याचशा किटल्या मुलामा दिलेल्या पितळेच्या असतात. तिवईच्या पायांशी आणि तोटीच्या कडेला पिवळं डोकावतं का पाहा. लोहचुंबक लावून काही कळत नाही. तो पितळेलाही चिकटत नाही.

मुलाम्याच्या भांड्याला दंतमंजन, रांगोळी, राख लावू नका. थर पातळ असतो, घासाल तेवढा निघून जाईल. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ सुती फडकं, आणि नक्षीत जुना मऊ ब्रश, एवढं पुरतं. नक्षीच्या खोलगट भागातला काळेपणा मात्र राहू द्या. तो काढला की वेलबुट्टी सपाट दिसते, आणि अँटिक कामात तो मुद्दाम भरलेला असतो. म्हणूनच अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा नि कडकडीत पाणी हा उपाय नक्षीदार किटलीला नको. तो सगळा काळेपणा सरसकट ओढून घेतो. मुठीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चकत्या असतील तर त्या हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या. मूठ तापू नये म्हणून घातलेल्या. त्या पाण्यात भिजत ठेवू नका.

चहा करणार असाल तर पाणी स्वयंपाकघरात उकळा. तिवईखालचा स्पिरिटचा दिवा फक्त ते गरम ठेवण्यापुरता. किटली रिकामी असताना दिवा पेटवायचा नाही. जुन्या डागडुजीत सांधे जोडायला कथील-शिशाचा डाख वापरलेला असतो, तो १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. आत पाणी असेल तर धातू शंभराच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की तोटी निखळलीच म्हणून समजा. दिवा अर्धाच भरा. पेटलेल्या दिव्यात स्पिरिट ओतू नका. दिवसा ती निळी ज्योत दिसतसुद्धा नाही.

ओतताना किटली उचलायची नसते. बहुतेक तिवयांना साखळीला बांधलेल्या खिळी असतात. मुठीकडची काढायची, तोटीकडची तशीच ठेवायची, म्हणजे ती बिजागरीसारखी चालते आणि किटली जागच्या जागी कलते.

पावसाळ्यात ठेवताना आतून पूर्ण कोरडी करा, झाकण उघडं ठेवा, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. सोबत खडूचे दोनतीन तुकडे. लोकरीचं कापड आणि रबरबँड नको, दोन्हींत गंधक असतं. खिळी पुरचुंडीत बांधून किटलीच्या पोटातच टाका. खिळी हरवून नवीन घडवून घ्यायला येणारे मला दरवर्षी भेटतात.