काळ्या रानात नवी बाग करताय? वळवाच्या आधी हात घाला

वैशाखाच्या उन्हानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, शिरोळकडच्या काळ्या रानाला सध्या अशा भेगा पडल्यात, की मनगट आत जाईल. घरामागं किंवा बांधाकडेला यंदा नवी भाजीची-फुलांची बाग करायची असेल तर कामाची वेळ हीच. मृग निघायला, म्हणजे 7-8 जूनला, अजून अवकाश आहे. एकदा पाऊस बसला की या मातीत कुणाचं काही चालत नाही. (राधानगरी, आजरा, चंदगडच्या तांबड्या मातीचं दुखणं वेगळं, तिला हा सल्ला लावू नका.)

खताचा विचार नंतर, आधी पाणी कुठून बाहेर जाणार ते बघा. जागेच्या मधोमध फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या आणि परत भरा. दुसऱ्या भरणीचं पाणी 24 तासांनीही उभं दिसलं तर निचरा वाईट आहे. अशा ठिकाणी उताराच्या अंगानं दीड फूट खोल चर काढून तो ओढ्याला किंवा रस्त्याच्या गटारीला जोडल्याशिवाय पुढं जाऊ नका. पंचगंगेच्या फुगवट्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकू लागलं की सखल भागातले ओढेच उलटे तुंबतात आणि चर कितीही चांगला काढला तरी त्यातून पाणी निघत नाही. तिथं वाफे उंच करणं हाच उपाय.

आता खणाई. टिकावानं किंवा बैलाच्या नांगरानं 9 ते 12 इंच माती उलथा आणि ढेकळं आहेत तशी उन्हात पडू द्या. ती फोडत बसू नका. काळ्या मातीतली चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. त्यामुळं उन्हानं कडक झालेलं ढेकूळ वळवाच्या एक-दोन सरींत आपोआप विरतं. माणूस लावून ढेकळं फोडायची मजुरी वाया जाते आणि वर माती पिठासारखी होते ती वेगळीच. रोटाव्हेटरचं तेच. रान दिसायला गुळगुळीत होतं, पण पहिल्याच मोठ्या पावसात वर पापडी धरते. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र आत्ताच वेचून बांधाबाहेर टाका, पावसाळ्यात त्या हाती लागायच्या नाहीत. खाली चुनखडीची पिवळट माती लागली तर ती वर आणू नका. नव्या बांधकामाच्या प्लॉटात सिमेंटचे गोळे आणि विटांचे तुकडे निघतात, तेही वेचावेत.

वळीव पडून गेला की खरी कसोटी वाफशाची, म्हणजे माती कामाजोगी ओलसर होण्याची. चार-सहा इंच खालची मूठभर माती घेऊन दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटून विखुरला तर वाफसा आलाय, कामाला लागा. चपटा होऊन तसाच बसला तर घरी जा. खोऱ्याला माती चिकटून येत असेल, चपलेला गाळाचा थर बसत असेल, तर त्या दिवशी वाफ्यात पायसुद्धा ठेवू नका. ओल्या काळ्या मातीत एकदा राबलं की तिच्यातल्या हवेच्या जागा मिटतात आणि वाळल्यावर ती विटेसारखी होते. ते निस्तरायला पुढचा उन्हाळा यावा लागतो. जेवढा तोटा कमी खतानं होत नाही, तेवढा या घाईनं होतो.

वाळू मिसळा, हा सल्ला हमखास मिळतो. हिशेब करून बघा: गुंठाभर जागेत फूटभर खोलीची माती साधारण 11 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरते. तिचा स्वभाव बदलायला जवळजवळ तेवढीच वाळू लागेल. एक-दोन ब्रासनं माती सुधारत नाही, उलट आवळते. काळ्या रानात खड्डा काढून त्यात तांबडी माती भरायची पद्धतही तशीच फसवी. आतली माती पाणी झटकन पिते, पण भोवतालची काळी ते सोडत नाही आणि रोपाची मुळं पाण्यात बुडून कुजतात.

या मातीवर उपाय सेंद्रिय खताचाच. वाफसा असताना दोन इंचांचा थर पसरून वरच्या सहा इंचांत मिसळा. 100 चौरस फुटांना सोळा-सतरा घनफूट लागेल. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. उकिरड्यातलं अर्धकच्चं आणलंत तर त्याबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही घरी येते, ऊसवाल्यांना हे सांगायला नको. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चालेल, पण कुजवलेली, ताजी तापते. पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, मातीत गाडू नका, कुजताना ते नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. त्याची जागा वर, आच्छादन म्हणून.

मग गादीवाफे: रुंदी साडेतीन फूट, उंची फूटभर, मध्ये दीड फुटाची वाट. रुंदी एवढीच का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा आणि वाफ्यात उतरावं लागू नये.

जिप्सम सरसकट टाकू नका. शिरोळकडच्या काही रानांसारखी जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढलेली, असेल तरच त्याचा उपयोग. नुसती क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेली, असेल तर निचराच सुधारावा लागतो. हे डोळ्यांनी ठरत नाही, त्यासाठी माती परीक्षण करून घ्या. पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना पुरतो. चुनखडीच्या मातीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, उसात ज्याला केवडा म्हणतात तसं, तर ते बहुतेक लोहाचं दुखणं असतं. त्यावर युरिया मारून काही होत नाही.

पहिल्या पावसाळ्यात भेंडी, दोडका, झेंडू घ्या. सखल कोपऱ्यात अळू खुशाल वाढेल. पपई लावायचीच असेल तर सगळ्यात उंच वाफ्यावर, बुडात दोन दिवस पाणी थांबलं की ती जाते. गाजर-मुळा यंदा नको. जो भाग रिकामा राहील तिथं हिरवळीचं खत म्हणून गुंठ्याला अर्धा किलो तागाचं बी फेका. पुस्तकी सल्ला फुलोऱ्याच्या सुरवातीला, 45-50 दिवसांनी, तो गाडायचा. पण आपल्याकडं ती वेळ जुलैअखेरीच्या झडीत येते आणि तेव्हा वाफसा कुठला? म्हणून विळ्यानं बुडातून कापून जागीच आडवा पसरा, मुळं आतच राहू द्या. परतीचा पाऊस ओसरून वाफसा आला की त्यातच बाजूला सारून मेथी, कांद्याची रोपं, वाटाणा लावता येतो.