पेंटबॉल गन : तेलाची बाटली उघडण्यापूर्वी या चुका टाळा

ताडोबा-पेंचच्या वाटेवरील रिसॉर्टवर किंवा गावालगतच्या कृषी पर्यटन केंद्रावर पेंटबॉलच्या, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या गॅसच्या दाबाने मारण्याच्या खेळाच्या, गन सांभाळणाऱ्यांची सर्वसाधारण समजूत अशी असते, की गन अडली म्हणजे तिला तेल कमी पडले. पुष्कळदा प्रकार नेमका उलटा असतो : तेल भरपूर असते, त्यात उन्हाळ्यातील काळ्या मातीची बारीक धूळ बसून त्याचा चिकट गाळ झालेला असतो आणि बोल्टच्या (गनमध्ये मागे-पुढे सरकून गोळी पुढे ढकलणाऱ्या भागाच्या) प्रत्येक फेऱ्यागणिक तो गाळ ओ-रिंग (गॅस अडवणारी रबरी कडी) झिजवत राहतो. म्हणून जुने तेल सुती कापडाने पूर्ण पुसून काढल्याशिवाय नवे घालू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक तेलाच्या निवडीत होते. घरातले खोबरेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. आपल्याकडील पौषातील सकाळ त्याहून कितीतरी गार असते, आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड प्रसरण पावताना गनही आतून थंड होत जाते. मग बोल्ट अडखळणारच. गंज सोडवण्याचा स्प्रे आधीचे वंगण धुऊन टाकतो आणि काही प्रकारच्या ओ-रिंग फुगवतो. बंडीच्या आसाचे वंगण किंवा ट्रॅक्टरचे ग्रीस या कामासाठी फारच जड आहे. पेंटबॉल गनचेच तेल मागवावे. एक लहान बाटली दीर्घकाळ पुरते, त्यामुळे येथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

साध्या यांत्रिक ब्लोबॅक गनमध्ये (हिच्यात गॅसच्याच धक्क्याने बोल्ट मागे येतो) सिलिंडर जोडण्याच्या तोंडात तीन-चार थेंब सोडून, गोळ्या न भरता, सुरक्षित दिशेला काही वेळा चाप ओढला, की गॅसच ते तेल आत पसरवतो. इलेक्ट्रॉनिक स्पूल गनला (हिच्यात बोल्टच गॅसच्या झडपेचे काम करतो) मात्र असे तेल न घालता बोल्टच्या ओ-रिंगवर शिफारस केलेल्या ग्रीसचा पातळ थर द्यावा. बॅरल (गोळी बाहेर पडण्याची नळी) दोन्ही प्रकारांत कोरडीच हवी, कारण तेलकट बॅरलमधून गोळी सरळ जात नाही. कार्बन डायऑक्साइडऐवजी उच्च दाबाची हवा वापरत असाल, तर ती सिलिंडरमध्ये भरण्याच्या निपलला (भरण्याच्या तोंडाला) तेलाचा किंवा ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये. भरताना अचानक वाढणाऱ्या दाबाने व उष्णतेने ते पेट घेऊ शकते.

गॅस गळत असेल, तर तो कोठून गळतो हे आधी पाहावे. सिलिंडरच्या जोडापाशी आवाज येत असेल, तर बहुधा सिलिंडरच्या तोंडाची ओ-रिंग चिरलेली असते व ती बदलणे हाच उपाय आहे. गॅस बॅरलमधून सतत येत असेल, तर व्हॉल्व्हचे सील किंवा आतली ओ-रिंग तपासावी. एकदा चाप ओढल्यावर गन आपोआप धडधडत राहिली, तर सिलिंडर रिकामा होत आला आहे का, हे प्रथम बघावे.

कार्बन डायऑक्साइडचा दाब 21 अंशांना सुमारे 850 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो आणि तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभ्या गाडीत भरलेला सिलिंडर ठेवल्यास त्याची सुरक्षा चकती (दाब फार वाढल्यास फुटून गॅस बाहेर सोडणारी पातळ चकती) फुटू शकते. तो सावलीतच ठेवावा.

गन उघडण्यापूर्वी डोळ्यांवर मास्क चढवावा, सिलिंडर काढावा आणि आत उरलेला गॅस सोडून द्यावा. पुन्हा जोडल्यावर क्रोनोग्राफवर गोळीचा वेग मोजावा आणि तो सेकंदाला 300 फुटांच्या आत असल्याशिवाय गन खेळाडूच्या हाती देऊ नये.