बायझंटाईन इतिहासाकडे वळताना

बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्यात राष्ट्रभावना होती का, हा प्रश्न घेऊन जे विद्यार्थी येतात ते बहुधा राष्ट्रवादाच्या सिद्धांतांवरची पुस्तकं वाचून आलेले असतात. राष्ट्र ही आधुनिक कल्पना, मग तेव्हा कुठून असणार, असं उत्तर तयारच असतं. माझा अनुभव सांगते: सिद्धांत काही महिने कपाटात ठेवा आणि एकच घटना नीट वाचा.

मी एप्रिल १०४२ सुचवते. सम्राट पाचव्या मायकेलने, ज्या सम्राज्ञी झोईने त्याला दत्तक घेतलं तिलाच केस कापून, जोगीण बनवून प्रिंकिपो बेटावर पाठवलं. नगरप्रमुखाने चौकात फर्मान वाचून दाखवताच कॉन्स्टँटिनोपल पेटलं. इतिहासकार मायकेल सेलोस तेव्हा राजवाड्यातच होता. तो लिहितो, एरवी घराबाहेर न दिसणाऱ्या बायकाही आक्रोश करत रस्त्यावर आल्या. घाबरून सम्राटाने झोईला परत आणलं, पण लोक ऐकेनात. त्यांनी तिची बहीण थिओडोरा हिला मठातून आणून आया सोफिया या मोठ्या चर्चमध्ये सम्राज्ञी केलं. सम्राट मायकेलचे डोळे काढले गेले. सिंहासनावर कोण बसणार यावर आपला हक्क आहे, असं या गर्दीला वाटत होतं. मला तरी हे निव्वळ राजनिष्ठेपेक्षा बरंच मोठं वाटतं.

पण राजधानीची गर्दी म्हणजे साम्राज्य नव्हे. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) शेतकऱ्याला काय वाटत होतं हे दरबारी सेलोस सांगणार नाही. म्हणून बाहेरच्यांचं लिखाणही हवं. साम्राज्यातली माणसं स्वतःला रोमन म्हणत. ९६८ मध्ये पोपच्या पत्रात त्यांच्या सम्राटाला 'ग्रीकांचा सम्राट' म्हटलं, तर पत्र आणणाऱ्यांना तुरुंगात टाकलं गेलं. उलट अरबांनी त्यांना 'रूम', म्हणजे रोमनच, म्हटलं. पुढे तो मुलूख तुर्कांकडे गेला तरी नाव टिकलं, दख्खनपर्यंत पोचलं: विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतणारा मुहम्मद 'रूमी' होता.

भाषेचं म्हणाल तर आधुनिक ग्रीकऐवजी प्राचीन ग्रीक शिका. सेलोससारखे लेखक मुद्दाम जुन्या वळणाची भाषा लिहीत. ती येईपर्यंत इंग्रजी भाषांतरावर काम भागतं. आणि अमेरिकेतल्या डम्बार्टन ओक्स संस्थेने पत्रांना लावल्या जाणाऱ्या शिशाच्या शिक्क्यांची छायाचित्रं मजकुरासह ऑनलाइन ठेवली आहेत. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, कधीकधी प्रांत, एवढीच माहिती त्यावर मिळते, पण दरबाराबाहेरचं राज्य तिथेच भेटतं.