कस्तुरांची नोंद करताना या चुका टाळा

सह्याद्रीत ब्लॅकबर्ड या कस्तुराची (थ्रश पक्ष्याची) नोंद चुकते ती बहुधा जुन्या पुस्तकामुळे. तिथे आपला पक्षी टर्डस मेरुला, म्हणजे युरोपातल्या बागांत गाणाऱ्या ब्लॅकबर्डचा पोटप्रकार म्हणून दिलेला असतो. आता तो टर्डस सिमिलिमस, अर्थात इंडियन ब्लॅकबर्ड, ही स्वतंत्र जात मानतात. हिमालयात उंचावर राहणारा टिबेटन ब्लॅकबर्डही वेगळा काढला आहे. पक्षीनोंदीच्या ॲपमध्ये सवयीने ‘युरेशियन ब्लॅकबर्ड’ (टर्डस मेरुला) निवडला, की महाबळेश्वरच्या यादीत युरोपातला पक्षी येऊन बसतो. ‘दुर्मिळ’ अशी खूण दिसली तर हुरळून जाऊ नका, आधी निवडलेलं नाव पाहा.

नावात ‘ब्लॅक’ आहे म्हणून काळाकुट्ट पक्षी शोधणं हीही चूकच. उत्तर सह्याद्रीतला पोटप्रकार नायग्रोपिलियस. याच्या नराचं अंग राखाडी-तपकिरी असतं, डोक्यावर काळी टोपी आणि मानेभोवती फिकट पट्टा. चोच नारिंगी, डोळ्याभोवती पिवळं कडं. मादी नुसतीच तपकिरी. निलगिरीतले नर मात्र बरेच गडद असतात. हिवाळ्यात काही टोपीवाले पक्षी घाटाने दक्षिणेकडे सरकतात, त्यामुळे त्या दिवसांत फक्त ठिकाणावरून पोटप्रकार ठरवू नये.

मग खरोखर काळा दिसणारा तो कोण? ओढ्याकाठच्या अंधारात मलबार व्हिसलिंग थ्रश, म्हणजे आपला शीळकरी कस्तूर, पूर्ण काळा भासतो. कपाळ आणि खांद्यावरची चमकदार निळाई उन्हाची तिरीप पडल्याशिवाय दिसतच नाही. अशा वेळी रंगाचा नाद सोडून चोच आणि पाय पाहा: दोन्ही काळे असतील तर शीळकरी, नारिंगी-पिवळे असतील तर ब्लॅकबर्ड. फोटो अंधारा आला असेल तर एक्स्पोजर वाढवून चोचीपाशी झूम करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर निकाल लागतो. पहाटे माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा आवाज आला, तर तो शीळकरी कस्तुराचाच.

वर्गीकरणात हे दोघे एका घरचे नाहीत. ब्लॅकबर्ड टर्डिडी कुळातला. व्हिसलिंग थ्रश आणि रॉक थ्रश आता मस्किकॅपिडी, म्हणजे दयाळ आणि माशीमारांच्या कुळात गेले आहेत. पिल्लांच्या अंगावरचे ठिपके दोन्ही कुळांत असतात, त्यामुळे तेवढ्यावरून ‘थ्रश’ ठरवता येत नाही. लाफिंगथ्रशचा तर या दोन्ही घरांशी संबंध नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांची गंमत उलटी होते: तिथला रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड इक्टेरिडी या वेगळ्याच कुळातला, आणि अंगणात गांडुळं उपसणारा अमेरिकन रॉबिन मात्र अस्सल टर्डस, म्हणजे खरा कस्तूर.

नारिंगी डोक्याच्या कस्तुराचा गाल नीट टिपा. पांढऱ्या गालावर दोन गडद उभे पट्टे असतील तर तो द्वीपकल्पातला सायनोटस हा पोटप्रकार. हिवाळ्यात गाल साधा नारिंगी दिसला तर हिमालयाकडून उतरलेल्या सिट्रिना पोटप्रकाराचा विचार करावा. ब्लू-कॅप्ड रॉक थ्रशच्या नराचंही पोट नारिंगी असतं, पण डोकं निळं आणि पंखावर ठळक पांढरा डाग. तो हिमालयात वीण करतो, आपल्याकडे हिवाळी पाहुणा. जुलैत त्याची नोंद करायची वेळ आली तर फोटो पुन्हा उघडा.